थाळीफेक : ताकदीआधी तंत्र
वस्तीतल्या मुलामुलींसाठी सरावाचे काही धडे

पावसाळा सरत आला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. धावणे, लांब उडी, कबड्डी, खो-खो यांत नावे देणाऱ्या मुलांची रांग लागते. मात्र "थाळीफेक कोण करणार?" असे सरांनी विचारले की वर्ग गप्प होतो. मग वर्गातला सर्वांत धिप्पाड मुलगा उभा केला जातो, स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच्या हातात थाळी देतात आणि "लाव जोर" म्हणून सांगतात. दुसऱ्या दिवशी थाळी जाळीत अडकते किंवा दहा पावलांवर आपटते. मुलगा हिरमुसतो आणि त्या खेळाचे नाव पुन्हा काढत नाही.

आम्ही नोकरी सांभाळून घोडबंदर रोडवरच्या वस्त्यांतून मुलांच्या अभ्यासाचे आणि खेळाचे थोडेफार काम करतो. त्यात एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसली. थाळीफेकीत मागे पडणारी मुले ताकदीने कमी नसतात. त्यांना तंत्र कोणी शिकवलेले नसते, इतकेच. तंत्राचा बराच भाग मोठ्या मैदानाशिवाय आणि महागड्या साहित्याशिवाय शिकता येतो. म्हणून हा लेख पालकांनी वाचावा आणि मुलांना वाचून दाखवावा.

भीमाचा खेळ, आईचाही खेळ

दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेतला भीम आपल्या घराघरांत माहीत आहे. ती भूमिका करणारे प्रवीणकुमार सोबती हे मुळात थाळीफेकपटू होते. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत त्यांनी थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळवले. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

भीमाचे नाव घेतले की हा केवळ धटिंगणांचा खेळ वाटतो. पण २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पूनिया यांनी ६१.५१ मीटर थाळी फेकून सुवर्णपदक जिंकले. १९५८ साली मिल्खासिंगांनी मिळवलेल्या सुवर्णानंतर राष्ट्रकुल स्पर्धेत ॲथलेटिक्समधले सुवर्ण भारताला थेट तेव्हाच मिळाले. हरवंत कौर दुसऱ्या आणि सीमा अंतिल तिसऱ्या आल्या. म्हणजे तिन्ही पदके भारतीय स्त्रियांची. कृष्णाताई त्या वेळी विवाहित होत्या, एका मुलाची आई होत्या. "मुलीच्या जातीला हे खेळ शोभत नाहीत" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे एवढे उत्तर पुरे आहे. ऑलिंपिकमध्ये १९२८ साली स्त्रियांना मैदानी खेळांत प्रथम प्रवेश मिळाला, तेव्हा त्यातले पहिलेच सुवर्ण पोलंडच्या हालिना कोनोपाच्का यांनी थाळीफेकीत मिळवले होते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले. अमेरिकेतल्या रॉबर्ट गॅरेट या विद्यार्थ्याने तिकडे जाण्यापूर्वी स्वतःच एक थाळी करवून घेतली होती. ती इतकी जड झाली की त्याने नाद सोडला. अथेन्सला पोहोचल्यावर त्याने खरी थाळी पाहिली, तर ती कितीतरी हलकी निघाली. त्याने स्पर्धेत भाग घेतला आणि २९.१५ मीटर फेक करून तो पहिला आला. यातून पालकांनी घ्यायचा बोध असा की, मुलाच्या हातात वयापेक्षा जड थाळी देऊ नये. जड थाळीने ताकद वाढण्याआधी फेकण्याची ढब बिघडते आणि खांदाही दुखावतो.

थाळी आणि वर्तुळ

पुरुषांची थाळी २ किलोची, स्त्रियांची १ किलोची. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दीड किलोची, वीस वर्षांखालील मुलांसाठी पावणेदोन किलोची. शालेय स्पर्धेत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. आपल्या गटाचे नेमके वजन त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहून घ्यावे.

फेकायचे वर्तुळ अडीच मीटर व्यासाचे असते. त्याच्या तीन बाजूंना जाळीचा पिंजरा आणि समोर पंख्यासारखी पसरत जाणारी जागा. थाळी त्या आखलेल्या जागेतच पडली पाहिजे. थाळी जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि बाहेर पडायचे ते मागच्या अर्ध्या भागातून. वर्तुळाच्या लोखंडी कड्याला आतून पाय लागला तर चालतो, कड्याच्या वर पडला तर फेक बाद. कितीतरी मुलांच्या चांगल्या फेकी केवळ या नियमापायी बाद होतात. म्हणून सरावातही खडूने वर्तुळ आखावे आणि प्रत्येक फेकीनंतर मागूनच बाहेर यायची सवय लावावी.

थाळी लांब का जाते?

मुलांना वाटते, हाताने जोरात झटकले की थाळी लांब जाईल. तसे नसते. हात हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. जोर जमिनीतून पायात येतो, पायातून कमरेत, कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात आणि सर्वांत शेवटी हातात. कपडे पिळून झटकणाऱ्या बाईचे पाहा. ती नुसत्या मनगटाने झटकत नाही, सगळे अंग त्यात येते आणि टोकाशी फटका बसतो. थाळीफेकीत तेच घडते. हात आधी धावला की कमरेचा जोर वाया गेला.

दुसरे, थाळी स्वतःभोवती फिरत गेली तरच हवेत स्थिर राहते. उजव्या हाताने फेकलेली थाळी वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. ही फिरकी तर्जनी देते. थाळी सर्वांत शेवटी तर्जनीवरून सुटली पाहिजे. करंगळीकडून सुटली तर ती हवेत लडखडते.

तिसरे, वारा. समोरून येणारा वारा फेक अडवील असे वाटते, पण योग्य कोनात सुटलेली थाळी त्या वाऱ्यावर पतंगासारखी तरंगते. जर्मनीच्या युर्गेन शुल्ट याचा १९८६ सालचा ७४.०८ मीटरचा जागतिक विक्रम तब्बल अडतीस वर्षे टिकला. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना याने २०२४ साली अमेरिकेतल्या रमोना या वाऱ्याच्या गावी तो मोडला, आणि २०२५ साली त्याच गावी ७५.५६ मीटरची मजल मारली. मात्र वाऱ्याचा फायदा तंत्र पक्के असलेल्यालाच मिळतो. लडखडणारी थाळी समोरच्या वाऱ्यात आणखी लवकर पडते.

सराव कसा करावा?

खालचे धडे उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी लिहिले आहेत. डावखुऱ्यांनी उजवे-डावे उलटे करून वाचावे. एक धडा नीट बसल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

धडा पहिला : पकड. हाताची बोटे थोडी फाकवावीत. थाळीची कड बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली असावी. अंगठा थाळीवर आडवा विसावलेला. थाळी मुठीत धरायची नाही. हात खाली सोडून थाळी पुढे-मागे झुलवावी. झोका चालू असेतोवर ती आपोआप हाताला चिकटून राहते, याची मुलाला खात्री पटली पाहिजे. ती खात्री नसल्यामुळेच मुले थाळी आवळून धरतात.

धडा दुसरा : थाळी घरंगळवणे. लहानपणी आपण सायकलचे टायर काठीने पळवत होतो, तसाच हा खेळ. किंचित वाकून हात मागून पुढे आणायचा आणि थाळी कडेवर उभी अशी जमिनीवरून सरळ सोडायची. ती तर्जनीवरून सुटली तर सरळ रेषेत दूरवर घरंगळते. लगेच कलंडली किंवा वळली तर सुटका चुकली असे समजावे. समोर जोडीदार उभा करून एकमेकांकडे थाळी घरंगळवावी. रबरी थाळी असेल तर हा धडा चाळीच्या मोकळ्या पॅसेजमध्येही होतो.

धडा तिसरा : वर उडवणे. हात बाजूला सोडून झोका द्यायचा आणि थाळी डोक्याच्या थोडी वर जाईल इतकीच उडवायची. हवेत ती फिरते की लडखडते ते पाहायचे. झेलायच्या भानगडीत न पडता बाजूला सरकून तिला मातीत पडू द्यावे.

धडा चौथा : टॉवेलचा धडा. जुन्या टॉवेलाच्या किंवा पंचाच्या टोकाला घट्ट गाठ मारावी. दुसरे टोक हातात धरून फेकण्याची संपूर्ण हालचाल करावी, टॉवेल मात्र सोडायचा नाही. कंबर आधी आणि हात नंतर आला तर गाठ मागे रेंगाळते आणि शेवटी सपकन पुढे येते. हात आधी आला तर टॉवेल नुसता लोंबतो. मुलाला आपली चूक स्वतःच कळते, हा याचा मोठा फायदा. घरात दहा फुटांची मोकळी जागा असली तरी हा सराव होतो.

धडा पाचवा : उभ्याने फेक. डावी बाजू फेकीच्या दिशेला करून उभे राहावे. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा चवडा एका रेषेत. उजवा गुडघा वाकवून वजन उजव्या पायावर घ्यायचे, छाती मागे वळवायची आणि थाळीचा हात मागे लांब ठेवायचा. आता सुरुवात करायची ती उजव्या पायाच्या चवड्यापासून. विडीचे थोटूक चवड्याखाली चिरडतात तसा चवडा फिरवायचा. त्याच्यामागून कंबर, मग छाती, मग हात. डावा पाय खांबासारखा ताठ रोवलेला हवा. हात खांद्याच्या उंचीच्या जवळून यावा. नवख्याने पाय जमिनीवरून न उचलता फेकावे. थाळी फेकल्यावर तोल पुढे गेला तर पायांनी काम नीट केलेले नाही असे समजावे.

थाळी नसेल तेव्हा सायकलचे निकामी टायर अशाच रीतीने फेकून पाहावे. सायकलच्या दुकानात ते फुकट मिळते. टायर पकडायला सोपे असते आणि हात लांब ठेवायची सवय लागते.

धडा सहावा : रेषेवरची फिरकी. जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढावी. रेघेवर एका चवड्यावर अर्धी गिरकी, मग दुसऱ्या चवड्यावर अर्धी गिरकी, असे रेघेच्या टोकापर्यंत जायचे. थाळी नाही, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. टाच टेकली की गिरकी अडते. हा धडा रोज दहा मिनिटे केला तर वर्तुळात तोल जाणे थांबते.

धडा सातवा : अर्धी फिरकी. तोंड फेकीच्या दिशेला, डावा पाय पुढे. डाव्या चवड्यावर रेटून उजवा पाय पुढे वर्तुळाच्या मध्यावर टाकायचा. तोवर अंग डावीकडून वळत जाते आणि पाठ फेकीच्या दिशेला येते. उजव्या चवड्यावर फिरणे न थांबवता डावा पाय चटकन पुढे टेकवायचा. आता आपण पाचव्या धड्यातल्या स्थितीत आलो, तिथून फेक करायची. हे जमले की मगच वर्तुळाच्या मागच्या कडेला फेकीकडे पाठ करून उभे राहायचे आणि दीड फेऱ्याची पूर्ण फिरकी शिकायची. पूर्ण फिरकी मात्र जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीच शिकावी.

जमाखर्चाची वही

आम्ही पडलो कारकून माणसे. हिशेब लिहिल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. सरावातही आमचा हाच आग्रह असतो. शंभर पानी वही घ्यावी. तारीख, कोणता धडा, किती फेकी, किती बाद आणि प्रत्येक फेक किती मीटर, हे लिहावे.

समजा, एका आठवड्यात पाच फेकी १८, १६, १९, १५ आणि १७ मीटर गेल्या. सरासरी १७. पुढल्या आठवड्यात १७, १७, १८, १७ आणि १६. सरासरी तीच १७. मुलगा म्हणेल, काहीच सुधारणा नाही, उलट १९ गेली होती तीही गेली. पण वही वेगळे सांगते. पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब आणि सर्वांत जवळच्या फेकीत ४ मीटरचे अंतर होते, दुसऱ्या आठवड्यात २ मीटरचे राहिले. म्हणजे ढब स्थिर होऊ लागली. मोठ्या स्पर्धांत पहिल्या तीन फेकींवरच पुढचे आठ जण ठरतात. तिथे एखादी नशिबाची लांब फेक असणाऱ्यापेक्षा तिन्ही फेकी नीट टाकणारा भरवशाचा ठरतो.

घरात कोणाकडे मोबाइल असेल तर बाजूने आणि मागून चित्रण करून ते सावकाश लावून पाहावे. एका वेळी एकच चूक सुधारायची. चार चुका एकदम सांगितल्या तर मूल गोंधळून जाते.

आठवड्यातून तीन दिवस फेकीचा सराव पुरे. एका दिवशी वीस-पंचवीस फेकी, त्याही दमून ढब बिघडू लागली की थांबवाव्या. बाकीच्या दिवशी दोरीउड्या, बैठका, पोटाचे व्यायाम आणि पायऱ्या चढणे. खाण्यात भाकरी, डाळ, भिजवलेले चणे, शेंगदाणे, अंडी असली म्हणजे झाले. पावडरींच्या डब्यांपासून मुलांना दूर ठेवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये ६३.७० मीटर फेक करून सहाव्या आलेल्या कमलप्रीत कौर यांच्यावर २०२२ साली उत्तेजक द्रव्याच्या चाचणीनंतर तीन वर्षांची बंदी आली. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तिथे व्यायामशाळेत कोणी "हे घे, अंग भरेल" म्हणून दिलेल्या डब्यात काय आहे, हे आपली मुले कशी ओळखणार?

मैदान कुठे आहे?

आता मुख्य अडचण. थाळी हे हत्यार आहे हे विसरू नये. किलोभराची थाळी माणसाच्या डोक्यात बसली तर जीव जाऊ शकतो. रस्त्याकडेला, गाड्यांच्या तळावर, क्रिकेट चाललेल्या मैदानात थाळी फेकू नये. पुढे जागा पूर्ण रिकामी हवी. फेकणाऱ्याखेरीज सर्वांनी त्याच्या मागे, जाळीपलीकडे थांबावे. थाळ्या आणायला सगळ्यांनी एकदम जावे आणि चालत हातात घेऊन याव्या. उलट बाजूने फेकून परत पाठवायच्या नाहीत.

मग घोडबंदर रोडवर अशी जागा कुठे मिळायची? माजिवड्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळ्यापर्यंत जिथे शेते आणि मोकळी रानेच होती, तिथे आता टॉवर उभे आहेत आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये जी जागा उरली ती भिंतींच्या आत गेली. त्या टॉवरांच्या हिरवळीची राखण आपली माणसे करतात, जिने आपल्या बायका पुसतात. त्यांच्या मुलांना मात्र त्या हिरवळीवर पाय ठेवायची सोय नाही. एका शाळेकडे आम्ही रविवारी सकाळी दोन तास मैदान मागितले, तर "बाहेरच्या मुलांना देत नाही" असे उत्तर मिळाले.

अशा वेळी चरफडत बसून उपयोग नाही. शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. आपल्या प्रभागात असे कोणते भूखंड आहेत, त्यांतले किती महापालिकेच्या ताब्यात आले, त्यांवर आज काय आहे, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याखाली कोणालाही विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. उत्तर हाती आले की दहा-वीस पालकांच्या सह्यांचे निवेदन करावे. शाळेकडे मैदान मागतानाही तोंडी न मागता लेखी मागावे. कोणता दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती मुले आणि जबाबदार माणूस कोण, हे त्यात लिहावे. तोंडी विनंतीला तोंडी नकार देणे सोपे असते. लेखी अर्जाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि पुष्कळदा तिथेच मार्ग निघतो.

पदकाचे पुढे काय?

काही पालक विचारतात, "थाळ्या फेकून पोट भरणार आहे का?" प्रश्न रोखठोक आहे, तर उत्तरही तसेच देतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीलाही ठराविक स्तरावर खेळलेल्या मुलांना सवलतीचे गुण मिळतात. कोणत्या पदाला कोणत्या स्तराचे प्रावीण्य लागते, याचे नियम शासन निर्णयात दिलेले असतात आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारावे. शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी वर जातात. आपला ठाणे जिल्हा मुंबई विभागात येतो. प्रत्येक पायरीवरचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे की नाही ते तिथल्या तिथे तपासावे. नोकरीच्या वेळी या प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि एका अक्षराच्या फरकाने लोकांना हेलपाटे घालावे लागतात, हे आम्ही कार्यालयीन कामात रोज पाहतो.

सगळ्याच मुलांना पदक मिळणार नाही, नोकरी तर त्याहून थोड्यांना मिळेल. तरी एक लाभ प्रत्येकाच्या पदरात पडतो. जोर नुसता असून भागत नाही, तो कुठून सुरू करायचा आणि कुठे सोडायचा हे शिकावे लागते, हे मुलाला अंगाने कळते. आठवडाभर एकच हालचाल शंभर वेळा करायची, वहीत लिहायची, सुधारायची. ही सवय अंगी लागलेले मूल अभ्यासातही मागे राहत नाही.

तेव्हा पालकहो, यंदा शाळेत "थाळीफेक कोण करणार?" असा प्रश्न आला की आपल्या मुलाचा, आपल्या मुलीचा हात वर जाऊ द्या. तोवर आजच घरातला एक जुना टॉवेल काढा, त्याला गाठ मारा आणि चौथ्या धड्यापासूनच का होईना, सुरुवात करा.